जोचें लग्न कोणाशीं व्हावयास हवें होतें?

पुस्तक लिहून झालें म्हणजे आपलें काम संपलें, असें लेखकास वाटत असेल. वाचकांचें काम मात्र त्यानंतर सुरू होतें. कादंबरी मिटल्यावर चर्चा निघते, आणि ती बहुधा एकाच प्रश्नावर येऊन ठेपते: नायिकेनें अमक्याचा हात धरला तें योग्य झालें काय, आणि तमक्याचा कां धरला नाहीं? वरच्या वर्गांतील विद्यार्थिनींमध्यें मधल्या सुटींत असा वाद रंगलेला कोणाहि शिक्षकाच्या कानीं पडूं शकेल. पालकांपैकीं कित्येकांस तो पोरकट वाटतो, तर कित्येकांस थोडा काळजीचा. जिचें स्वतःच्या लग्नाचें वय अजून दूर आहे तिनें कागदावरच्या माणसांच्या लग्नाची एवढी उठाठेव कां करावी, असें ते विचारतात. प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं एका जुन्या व गाजलेल्या वादाची हकीकत आधीं सांगणें सोयीचें होईल.

अमेरिकेंतील बॉस्टन शहरच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या टॉमस नाइल्स यांनीं लुइझा मे अल्कॉट या लेखिकेस मुलींकरितां एक पुस्तक लिहिण्याचा आग्रह केला, आणि १८६८ सालीं 'लिटल विमेन' या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ही कथा शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळें परिचित आहे. म्हणून ती विस्तारानें सांगत नाहीं. मार्च कुटुंबांतील चार बहिणी, मेग, जो, बेथ आणि ॲमी. त्यांतील दुसरी जो ही धसमुसळी, तापट आणि लेखनाचें वेड घेतलेली. शेजारच्या श्रीमंत वृद्धाचा नातू लॉरी हा तिचा जिवलग सवंगडी. पहिला भाग संपतो तेव्हां थोरल्या मेगचें लग्न ठरलेलें असतें. जोच्या लग्नाविषयीं लेखिका कांहींच ठरवीत नाहीं.

न सांगितलेली गोष्टच मनांत अधिक घोळते. पुस्तक निघून थोडे दिवस होतात न होतात तोंच मुलींचीं पत्रें अल्कॉटबाईंकडे येऊं लागलीं. या बहिणींचीं लग्नें कोणाशीं होणार, असा त्यांचा प्रश्न. आणि जोचें लॉरीशींच व्हावें अशी मागणी. १८६८ च्या नोव्हेंबराच्या आरंभीं बाईंनीं दुसरा भाग लिहावयास घेतला. त्या वेळच्या त्यांच्या रोजनिशींत वैतागाची एक नोंद आहे. तिचा आशय असा कीं, लग्न हेंच जणूं स्त्रीच्या आयुष्याचें एकमेव साध्य असल्याप्रमाणें या मुली विचारतात. पण कोणाचेंहि मन राखण्यासाठीं आपण जो व लॉरी यांची गांठ मारणार नाहीं.

१८६९ च्या एप्रिलांत दुसरा भाग बाहेर पडला. त्यांत लॉरी जोला मागणी घालतो आणि जो नकार देते. पुढें लॉरी युरोपांत धाकट्या ॲमीशीं विवाह करतो. जो शेवटीं होकार देते तो प्रोफेसर भाएर या चाळिशीच्या घरांतल्या, दाढीवाल्या, गरीब जर्मन गृहस्थास. आणि तोहि भर पावसांत, चिखलांत, एका छत्रीखालीं. एका परिचित बाईंस लिहिलेल्या पत्रांत अल्कॉटबाईंनीं खरी गोष्ट मोकळेपणानें सांगितली आहे. जोनें अविवाहित लेखिकाच राहावें असा त्यांचा मूळ विचार होता. परंतु लॉरीशीं नाहीं तर कोणाशीं तरी तिचें लग्न लावाच, असा धोशा इतक्या जणींनीं लावला कीं साफ नाहीं म्हणण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं, आणि मग हट्टास पेटून त्यांनीं तिच्यासाठीं एक चमत्कारिक जोडी जमविली. म्हणजे वाचकांनीं अर्धें मागणें पदरांत पाडून घेतलें आणि अर्धें गमावलें. बाई स्वतः आजन्म अविवाहित होत्या, हेंहि येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

तेव्हांपासून आज दीडशेंहून अधिक वर्षें झालीं, तरी हा वाद मिटलेला नाहीं. त्यांतील पक्षांचीं म्हणणीं एकामागून एक ऐकण्यासारखीं आहेत.

लॉरीच्या पक्षाचें म्हणणें मनास चटकन पटतें. त्या दोघांनीं एकत्र नाटकें केलीं, गोठलेल्या नदीवर एकत्र खेळलीं, एकमेकांचीं गुपितें राखलीं. जोनें शीळ घातली, ती रस्त्यांत धांवली, आजारी वडिलांसाठीं तिनें केस कापून विकले, तरी लॉरीच्या डोळ्यांत तिची किंमत कधीं कमी झाली नाहीं. जिला घरची थोरली बहीणहि जरा मुलीसारखें वागण्यास बजावते, तिला जशी आहे तशी पत्करणारा हा मुलगा. समानशील माणसांची मैत्री हाच संसाराचा उत्तम पाया, असें ज्यांस वाटतें ते सारे या पक्षाचे होत.

भाएरपक्षीय याच गोष्टींतून उलट निष्कर्ष काढतात. दोघेंहि तापट, दोघेंहि हट्टी, दोघांसहि स्वातंत्र्याची अनावर हौस. जोची आईच सांगते कीं हीं दोघें मित्र म्हणून शोभतात, नवराबायको म्हणून शोभणार नाहींत. लॉरीस जो हवी असते ती बालपण संपूं नये म्हणून, असें या पक्षाचें मत. प्रोफेसर भाएर तिला भेटतात तेव्हां ती वाढत्या वयाची, स्वतःच्या कमाईवर न्यूयॉर्कमध्यें राहणारी स्त्री असते. त्या वेळीं ती पैशासाठीं भडक, सनसनाटी गोष्टी लिहीत असते. असल्या लेखनाविषयींची आपली नापसंती प्रोफेसर बोलून दाखवितात, आणि जो आपल्या त्या गोष्टी शेगडींत घालते. ज्याच्या शब्दानें आपण अधिक चांगलें व्हावें असा सोबती ज्यांस हवासा वाटतो, त्यांस हा प्रसंग फार गोड वाटतो. लॉरीपक्षास नेमक्या याच प्रसंगीं संताप येतो! जिचें लेखन हाच जिचा प्राण, तिला तें जाळण्याची बुद्धि ज्याच्यामुळें झाली तो तिचा पति कसा शोभावा? (जोचें एक हस्तलिखित लहानपणीं ॲमीनेंहि रागाच्या भरांत जाळलें होतें. या पुस्तकांत जोच्या कागदांचें नशीब एकंदरीत खडतर आहे.)

लॉरी व ॲमी यांची जोडीच खरी शोभते असें म्हणणारा एक लहानसा पक्षहि आहे. ॲमीच त्याला त्याच्या आळसाबद्दल तोंडावर खडसावते, आणि खडसावून घेण्याची त्याला गरज असते, एवढें त्यांचें म्हणणें सांगितलें म्हणजे पुरे. जोनें कोणाशींच लग्न करावयास नको होतें असें मानणारा पक्ष मात्र अलीकडे बराच वाढला आहे. मूळ लेखिकाच त्या पक्षाची असल्यामुळें त्याचें पारडें थोडें जड आहे. १९३३, १९४९, १९९४ आणि २०१९ या सालीं या कथेवर इंग्रजी बोलपट निघाले. त्यांतील २०१९ च्या बोलपटांत दिग्दर्शिका ग्रेटा गरविग यांनीं एक मौजेची युक्ति योजिली. जो आपल्या पुस्तकाचा मोबदला व त्याची मालकी यांविषयीं प्रकाशकाशीं घासाघीस करते. नायिकेचें लग्न लावलेंच पाहिजे अशी त्याची अट असते. आणि छत्रीखालचा प्रसंग खरोखर घडला कीं केवळ जोच्या पुस्तकांत घडला, हें प्रेक्षकानें ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

येथवर हा केवळ तीन-चार पक्षांचा वाद दिसतो. पण थोडें खोल पाहिलें तर एकाच पक्षाच्या दोन माणसांचेंहि एकमत नसतें. भाएरांच्या बाजूच्या दोन वाचिका घ्या. एकीस ते आवडतात ते वयानें, ज्ञानानें व विचारानें वडील म्हणून. जोला सांभाळणारें, वळण लावणारें कोणी तरी मिळालें याचें तिला समाधान वाटतें. दुसरीस ते आवडतात याचें कारण अगदीं निराळें. प्रोफेसर दरिद्री आहेत, दोन पोरक्या भाच्यांचा भार त्यांच्यावर आहे. उलट प्लमफील्ड ही वाडी मार्च आत्याबाईंच्या मृत्यूनंतर जोच्या वांट्यास येते, आणि त्यांची शाळा निघते ती जोच्या घरांत व जोच्या कल्पनेनें. लॉरीशीं लग्न झालें असतें तर जो एका धनिकाची पत्नी झाली असती; येथें तीच घरधनीण आहे. पहिली म्हणते, 'किती छान आधार मिळाला!' दुसरी म्हणते, 'छे, तिनेंच आधार दिला!' दोघींचा पक्ष एक, नायक एक, शेवट एक. तरी दोघी दोन वेगळ्या गोष्टी वाचीत आहेत. अशा दोघींचें भांडण कधीं कधीं विरुद्ध पक्षाशीं होणाऱ्या भांडणापेक्षां अधिक कडू होतें, असा चाहत्यांच्या मंडळांतील नेहमींचा अनुभव आहे.

यावरून या रुचिभेदाचें मूळ ध्यानांत येतें. वाचक वरवर दोन नांवांवर वाद घालीत असले, तरी त्यांची आवड खरोखर जडलेली असते ती त्या दोघांमधील तोलावर. कोणाचा शब्द शेवटचा? कोण कोणास बदलतें? जवळीक आधीं कीं ओढ आधीं? कोणास बरोबरीचीं माणसें हवींत. कोणास एकानें हात दिलेला व दुसऱ्यानें तो धरलेला पाहणें आवडतें. कोणास शब्दास शब्द देणारीं भांडखोर जोडपींच खरीं जिवंत वाटतात. शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकांतील बिअॅट्रिस व बेनेडिक यांच्या चकमकी पाहून चारशें वर्षें प्रेक्षक हसत आले आहेत. परंतु असल्या तोंडाळ माणसांच्या घरीं आपण पाहुणे म्हणूनहि जाणार नाहीं, असें म्हणणारे रसिक आम्हांस ठाऊक आहेत. तोलाची आवड ही तिखट-गोडाच्या आवडीसारखी आहे. ती पुराव्यानें सिद्ध होत नाहीं, म्हणून पुस्तकांतील पानें दाखवून हा वाद कधीं संपत नाहीं. पुरावा असतो, पण प्रत्येक जण आपल्या आवडीच्या उजेडांत तो वाचतो.

हा भेद एकाच घरांतील बहिणींमध्यें, आणि तोहि लेखिकेच्या समक्ष, झाल्याचें एक उदाहरण आहे. जेन ऑस्टिन यांची 'मॅन्सफील्ड पार्क' ही कादंबरी १८१४ सालीं निघाली. तिची नायिका फॅनी ही श्रीमंत मावशीच्या घरीं वाढलेली गरीब मुलगी. तिला हेन्री क्रॉफर्ड हा गोडबोल्या, चंचल तरुण मागणी घालतो. प्रथम थट्टेनें तिच्या मागें लागलेला हा माणूस पुढें खरोखरच तिच्यावर प्रेम करूं लागतो. फॅनी त्याला नाकारते, आणि शेवटीं मावशीचा मुलगा एडमंड याच्याशीं तिचें लग्न होतें. आपल्याकडील वाचकांस हें मावसभावाशीं झालेलें लग्न दचकविणारें वाटेल; आपल्यांत मामेबहिणीशीं लग्न चालतें, मावसबहीण ती सख्खी बहीण. इंग्रज वाचकांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. त्यांची हळहळ वेगळीच होती. खुद्द जेन यांची थोरली बहीण कॅसँड्रा हिनें, फॅनीस क्रॉफर्डच मिळूं दे, म्हणून जेन यांच्याशीं वाद घातला आणि जेन बधल्या नाहींत, अशी त्यांच्या एका भाचीची आठवण नमूद आहे. गंमत अशी कीं क्रॉफर्डनें नीट धीर धरला असता तर फॅनी कालांतरानें त्याची झाली असती, असें शेवटच्या प्रकरणांत लेखिका स्वतःच कबूल करते. एवढें दार उघडें ठेवल्यावर त्यांतून कॅसँड्रा आंत शिरली तर दोष कोणाचा?

कॅसँड्रेस जें आवडलें तें आजहि फार लोकप्रिय आहे: प्रेमामुळें सुधारणारा वाईट माणूस. पालकांच्या काळजीचें खरें स्थान येथें आहे, म्हणून या ठिकाणीं थोडें थांबलें पाहिजे. मुलीस सालस एडमंडपेक्षां उच्छृंखल क्रॉफर्ड आवडला, तर तिला उद्यां तसलाच माणूस आवडेल काय? आमच्या मतें असा सरळ हिशेब मांडतां येत नाहीं. वाघाच्या गोष्टी आवडणारा मुलगा परड्यांत वाघ बांधीत नाहीं. गोष्टींतील धोक्याच्या माणसाचें मन लेखकानें उघडें करून दाखविलेलें असतें, पुस्तक वाटेल तेव्हां मिटतां येतें, आणि शेवट वाईट झाला तरी वाचणाऱ्याच्या घरीं कांहीं घडत नाहीं. प्रत्यक्षांतील माणसाविषयीं यांपैकीं एकहि सोय नसते. हा फरक मुलांस मोठ्यांच्या समजुतीपेक्षां पुष्कळ अधिक कळतो.

तथापि सगळींच पुस्तकें सारखीं नसतात, आणि पालकांनीं मुलांशीं बोलावयाचें असेल तर नायकाच्या नांवाऐवजीं तोलाविषयीं बोलावें. शार्लट ब्राँटे यांची १८४७ ची 'जेन एअर' या कामीं फार उपयोगी आहे. रॉचेस्टर हा धनी, जेन ही त्याच्या घरची पगारी शिक्षिका. त्याची पहिली पत्नी जिवंत असून तिला माडीवर कोंडून ठेवलेलें आहे, ही गोष्ट लपवून तो जेनशीं विवाह करावयास उभा राहतो. पुष्कळ वाचिकांस रॉचेस्टर आवडतो एवढेंच ऐकून घाबरणाऱ्या पालकांनीं पुढचें पाहावें. सत्य कळतांच जेन घर सोडून जाते, वाटेंत उपाशी राहते, पण त्याची ठेवलेली म्हणून राहत नाहीं. पुढें काकांकडून तिला २०,००० पौंडांचा वारसा मिळतो. त्याचे ती आपल्या आतेभावंडांसह चार सारखे वांटे करते. स्वतःचे ५,००० पौंड हातीं असतां, कोणाचीहि मिंधी नसतां, ती परत येते. आणि तोंपर्यंत आगींत रॉचेस्टरची दृष्टि व एक हात गेलेला असतो. लेखिकेनें धन्याचें पारडें खालीं आणि शिक्षिकेचें वर आणल्याखेरीज लग्न लागूं दिलें नाहीं. रॉचेस्टरवर लुब्ध झालेल्या मुलीस एवढें विचारावें: जेन परत येण्यापूर्वीं काय काय बदललें? या प्रश्नाचें उत्तर जी नीट देते तिच्याविषयीं काळजीचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

पूर्वीं हीं भांडणें घरांत किंवा पत्रांत होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चाहत्यांचीं मंडळें बनलीं, त्यांचे स्वतःचे छापील अंक निघाले, आणि रुचिभेदांस नांवें मिळालीं. १९६६ ते १९६९ पर्यंत अमेरिकेंत दाखविलेल्या 'स्टार ट्रेक' या आकाशयानाच्या मालिकेंतील कप्तान कर्क व त्याचा सहकारी स्पॉक यांच्यामध्यें मैत्रीपलीकडचें प्रेम कल्पिणाऱ्या कथा १९७४ पासून अशा अंकांत छापल्या जाऊं लागल्या. दोन नांवांमध्यें तिरपी रेघ मारून जोडी दाखविण्याचा प्रघात त्यावरून पडला. तेथेंहि दोन रुचि लगेच दिसल्या. इतकी जिवास जीव देणारी मैत्री म्हणजे प्रेमच, असें एक म्हणत. मैत्रीस मैत्री म्हणून कांहींच मोल नाहीं काय, असें दुसरे विचारीत.

हाच प्रश्न १९९३ सालीं सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' या मालिकेनें पुन्हां उभा केला. मल्डर व स्कली हीं दोन सरकारी तपास-अधिकारी. तो चमत्कारांवर विश्वास ठेवणारा, ती वैद्यकशास्त्र शिकलेली व प्रत्येक गोष्टीस पुरावा मागणारी. या दोघांचें प्रेम जमावें असें म्हणणारांस 'रिलेशनशिप' या इंग्रजी शब्दावरून 'शिपर' हें नांव पडलें. आज जगभरचे चाहते आपल्या आवडत्या जोडीस जें 'शिप' म्हणतात तें जहाज नव्हे, या शब्दाचें शेपूट आहे. विरुद्ध पक्षानें 'रोमान्स नको' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून स्वतःस 'नोरोमो' म्हणवून घेतलें. हे नोरोमो प्रेमाचे वैरी होते असें समजूं नये. एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकून बरोबरीनें काम करणारीं स्त्री व पुरुष हेंच त्यांस दुर्मिळ व मोलाचें वाटे, आणि प्रेमप्रकरण सुरू झालें कीं तें हरवेल, अशी त्यांस धास्ती होती. आम्हांस स्वतःस हा पक्ष फार समंजस वाटतो. पण तीहि अखेर एक आवडच.

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांच्या वेळीं (१९९७ ते २००७) तर या वादास युद्धाचें रूप आलें. हर्मायनी या हुशार मुलीनें हॅरीस वरावें कीं रॉनला, एवढाच प्रश्न. रॉन व हर्मायनी सदोदित भांडतात. हॅरी व हर्मायनी संकटांत एकमेकांस न बोलतां समजून घेतात. भांडणांत ओढ दिसणारे एका बाजूस, शांत विश्वासांत प्रेम पाहणारे दुसऱ्या बाजूस. म्हणजे पुन्हां तोलाचाच भेद. १६ जुलै २००५ रोजीं सहावें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि त्याच दिवशीं लेखिका जे. के. रोलिंग यांनीं दोन तरुण चाहत्यांस मुलाखत दिली. रॉनच्या बाजूचे इशारे आपण पुस्तकांत ऐरणीएवढे मोठे घातले होते, असें त्या म्हणाल्या. आणि हॅरीच्या पक्षाच्या वाचकांस मुलाखतकारांपैकीं एकानें भ्रमिष्ट या अर्थाचा शब्द वापरला. लेखिकेनें तो शब्द सौम्य करण्याचा यत्न केला, तरी तो शब्द अनेकांच्या जिव्हारीं लागला. आपली आवड चुकली असें ऐकण्यास माणूस तयार असतो. आपलें डोकें फिरलें आहे असें ऐकण्यास नसतो.

पुढें २०१४ सालीं याच लेखिकेची एक मुलाखत प्रसिद्ध झाली. रॉन व हर्मायनी यांची जोडी आपण साहित्यिक कारणांपेक्षां स्वतःच्या मनाच्या इच्छेपोटीं जमविली, असें त्यांनीं तींत सांगितलें. नऊ वर्षांपूर्वीं भ्रमिष्ट ठरलेले आनंदले, आणि रॉनपक्षीयांनीं उलट सवाल केला कीं छापून झालेल्या पुस्तकावर आतां लेखिकेचा तरी काय अधिकार?

हा सवालहि नवा नाहीं. सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ च्या अखेरीस निघालेल्या कादंबरींत जखमी नायकाची शुश्रूषा करते ती रिबेका नांवाची ज्यू मुलगी. लग्न मात्र होतें सॅक्सन कुळांतील रोवेनाशीं. वाचिकांनीं इतकी नाराजी दाखविली कीं १८३० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत स्कॉटना खुलासा करावा लागला. त्या काळच्या धर्मद्वेषामुळें असा विवाह जवळजवळ अशक्य होता हें एक. आणि सद्गुणास ऐहिक सुखाचें बक्षीस दिल्यानें त्याचा मान वाढत नाहीं, उलट घटतो, हें दुसरें. दुसरें कारण आम्हांस पहिल्यापेक्षां बळकट वाटतें. पण थॅकरे या कादंबरीकारास दोन्ही पटलीं नाहींत. त्यांनीं १८५० सालीं 'रिबेका अँड रोवेना' हें छोटेखानी विनोदी पुस्तक काढून रोवेनास मारलें, रिबेकास ख्रिस्ती केलें आणि तिचें आयव्हॅन्होशीं लग्न लावून टाकलें. आजचे चाहते आपल्या आवडत्या जोडीसाठीं ज्या कथा रचतात, त्यांच्याच जातीची ही कृति. मात्र एवढा खटाटोप करूनहि थॅकरे शेवटीं सांगतात कीं तें जोडपें कांहीं फार आनंदांत राहिलें नसावें. त्यांच्या सुखांत उदासीची छटा होती. मनासारखी जोडी जमविल्यावर असें लिहिणारा चाहता विरळाच.

अल्कॉटबाईंनीं मार्च कुटुंबाच्या कथेचा शेवटचा भाग, 'जोज बॉइज', १८८६ सालीं लिहिला. त्यांत जो ही प्रसिद्ध लेखिका झालेली आहे, आणि दारांत येणाऱ्या चाहत्यांस चुकविण्यासाठीं ती एकदां घरच्या मोलकरणीचें सोंग घेते. याच पुस्तकांत नॅन नांवाची एक मुलगी आहे. ती लहानपणीं प्लमफील्डच्या मुलांत वाढलेली, जोसारखीच दांडगी. टॉम हा तिचा बालमित्र केवळ तिच्या मागून जातां यावें म्हणून वैद्यकी शिकूं लागतो. नॅन त्याला दाद देत नाहीं, आणि तो अखेर दुसऱ्या मुलीशीं लग्न ठरवितो. शेवटच्या प्रकरणांत लेखिका सर्वांचीं लग्नें भराभर उरकते आणि नॅनला तशीच ठेवते: डॉक्टर, आपल्या कामांत गढलेली, आनंदी, अविवाहित. जोसाठीं मनांत योजिलेलें आयुष्य सतरा वर्षांनीं नॅनच्या पदरांत पडलें. १८६८ सालीं पत्रें लिहिणाऱ्या मुली तोंपर्यंत तिशीच्या पुढें गेल्या असाव्यात.